शिधा येतो, रांधायचं आपण

भाच्याने मला लॅपटॉपवर बातमी दाखवली. रोजच्याच वृत्तपत्राचं संकेतस्थळ, रोजचाच टाइप, वर तारीख आजची, आणि मथळा : ‘उद्यापासून शाळांना महिनाभर सुट्टी’. मी दोनदा वाचला. तो गालातल्या गालात हसत होता. मग त्याने एफ-५ दाबलं आणि मथळा बदलून कांद्याच्या भावाचा झाला.

त्याने काही हॅक वगैरे केलं नव्हतं. मथळ्यावर राइट क्लिक, ‘इन्स्पेक्ट’, बाजूला उघडलेल्या कोडमध्ये त्या वाक्यावर डबल क्लिक, आणि हवं ते टाइप करून एंटर. अर्ध्या मिनिटाचं काम. (तेव्हापासून ‘हा बघ स्क्रीनशॉट’ म्हणणाऱ्यांवरचा माझा विश्वास उडाला आहे.)

हे जमतं कसं? आपल्याला वाटतं, ते पान कुठेतरी दूर छापून ठेवलेलं आहे आणि ब्राउझर म्हणजे त्याकडे बघायची काच. प्रत्यक्षात तिकडून येतो तो नुसता शिधा : मजकूर, चित्रं, आणि ‘मथळा असा मोठा काढा, डावीकडे एवढी जागा सोडा’ अशा सूचना. स्वयंपाक होतो आपल्याच मशिनवर, दर वेळी नव्याने. भाच्याने फक्त ताटात वाढलेल्या भाजीवर लिंबू पिळलं. एफ-५ दाबल्यावर नवा शिधा आला, नवं ताट वाढलं गेलं.

वेबची मानकं लिहिणारे ब्राउझरला ‘युजर एजंट’ म्हणतात, म्हणजे वापरणाऱ्याचा मुखत्यार. संकेतस्थळवाल्यांचा नव्हे, आपला. हे नाव नुसतं शोभेचं नाही. ऑक्टोबर १९९४ मध्ये होकॉन विउम ली या नॉर्वेच्या तंत्रज्ञाने, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत असताना, पानांच्या सजावटीसाठी एक भाषा सुचवली. आज तिला आपण सीएसएस म्हणून ओळखतो. त्या पहिल्या मसुद्यात एक विलक्षण गोष्ट होती : सूचनेपुढे टक्के लिहायचे. वाचकाने म्हणायचं, मथळ्याच्या आकारावर मला ४० टक्के हक्क हवा; उरलेल्यात लेखकाची आवड. जणू वाटणीपत्रच!

टक्क्यांचा हिशेब पुढे बारगळला, पण वाटणी राहिली. आजही नियम असा की एखाद्या सूचनेवर लेखकाने ‘इम्पॉर्टंट’ असा शिक्का मारला आणि वाचकानेही आपल्या सूचनेवर तोच शिक्का मारला, तर वाचकाचं चालतं. हे मला कळलं तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. इतकी वर्षं बारीक राखाडी अक्षरं मुकाट सोसली ती कुणाच्या भिडेखातर?

मग सेटिंग्जमध्ये गेलो. क्रोममध्ये ‘अपिअरन्स’खाली फाँटची जागा आहे, तिथे अक्षरांचा किमान आकार ठरवता येतो. मराठी वाचणाऱ्याने हे आधी करावं, कारण इंग्रजीला पुरणारा आकार आपल्याला पुरत नाही. रफार, अनुस्वार, उकार सगळे शिरोरेषेच्या वर-खाली दाटीवाटीने बसतात, आणि ‘ष्ट्र’चा नुसता डाग दिसतो. किमान आकार वाढवल्यावर काही पानांची मांडणी थोडी विस्कटते. विस्कटू दे.

पत्त्याच्या पट्टीचं तर आणखी नवल. कंट्रोल-एल दाबलं की माउसला हात न लावता कर्सर तिथे जातो. आता एक युक्ती : मराठी विकिपीडियावर काहीही शोधा आणि निकालाच्या पानाचा पत्ता कॉपी करा. शोधलेला शब्द त्यात असतोच. तो काढून तिथे टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी छोटा एस लिहा. क्रोमच्या ‘साइट सर्च’मध्ये हा पत्ता भरा आणि त्याला एका अक्षराचं टोपणनाव द्या. मी एम दिलं. आता पट्टीत एम, टॅबची की, रायगड, एंटर. विकिपीडियाचं मुखपृष्ठ मधे येतच नाही. शब्दकोश, रेल्वे, ग्रंथालयाची यादी, जिथे शोधलेला शब्द पत्त्यात उमटतो तिथे हे चालतं.

हे करताना एक गंमत दिसेल. पट्टीत पत्ता छान मराठीत दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की टक्के, आकडे आणि इंग्रजी अक्षरांची लांबलचक माळ होते. पत्ता घडवायला मोजकीच इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं चालतात, म्हणून आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह आधी तीन बाइटांत फोडलं जातं आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन जागा खातो. एका चिन्हाला नऊ. ‘आई’ या शब्दाला १८ लागतात. ‘महाराष्ट्र’मध्ये काना आणि दोन हलन्त धरून दहा चिन्हं, म्हणजे ९०! वाह्यात दिसणारी ती माळ म्हणजे आपलीच बाराखडी, बोचकी बांधून प्रवासाला निघालेली.

बाकीचे शॉर्टकट भराभर सांगतो. स्पेसने पान खाली सरकतं, शिफ्ट-स्पेसने वर. कंट्रोल आणि १ ते ८ यांनी त्या-त्या क्रमांकाचा टॅब. ९ ने मात्र नववा नव्हे, शेवटचा. मॅकवर यांत कंट्रोलच्या जागी कमांड, एवढाच फरक.

एक मात्र सवडीने करून बघा : कंट्रोल-शिफ्ट-टी. चुकून बंद झालेला टॅब परत येतो, तोही ‘बॅक’च्या बटणामागचा इतिहास सोबत घेऊन. पुन्हा दाबलं की त्याच्या आधी बंद केलेला, मग त्याच्या आधीचा. काल रात्री मी सहज दाबत गेलो. विजेचं बिल आलं, मग पुरणपोळीची कृती, मग एका जुन्या मित्राच्या गावाचा नकाशा, जो मी सकाळी उघडून का कोण जाणे लगेच बंद केला होता. तो तेवढा उघडाच ठेवला.