तळघर-भिंतीचे उष्णता निरोधन
तळघर-भिंतीचे उष्णता निरोधन : तळघरातील उष्णता माती व बाहेरील हवा यांत निघून जाऊ नये म्हणून त्याच्या भिंतीस मंद उष्णतावाहक पदार्थाचा थर देण्याची क्रिया. जर्मनी, ऑस्ट्रिया इ. थंड हवामानाच्या देशांत तिला विशेष महत्त्व आहे. तेथील अनेक जुन्या घरांचा तळमजला जमिनीपासून बराच उंच असून प्रवेशद्वाराशी बाहेरून पायऱ्या असतात. पायऱ्यांमागील भिंत तळघराची असते. जीर्ण पायऱ्या काढल्या की ही भिंत उघडी पडते आणि नव्या पायऱ्या बांधल्यावर पुन्हा कित्येक दशके झाकली जाते. त्यामुळे तिचे जलरोधन व निरोधन याच वेळी करणे आवश्यक ठरते.

उष्णतापारण : सु. ३६ सेंमी. जाडीच्या जुन्या विटांच्या भिंतीचा उष्णतापारण गुणांक सु. १.७ वॉट प्रती चौ. मी. प्रती केल्विन असतो. बाहेरून १० सेंमी. जाडीचा पॉलिस्टायरीन फेसाचा थर दिल्यास तो सु. ०.२९ पर्यंत उतरतो. मातीलगतच्या भिंतीस बाहेरून नवे आवरण देताना हा गुणांक ०.३० पेक्षा अधिक नसावा, असे जर्मनीच्या २०२० च्या इमारत ऊर्जा कायद्याने ठरविले. आतून निरोधन केल्यास भिंत थंडच राहते, तिच्यातील ओल आतील बाजूने सुकण्यास अडथळा होतो आणि खोलीतील बाष्प थरामागे पोहोचल्यास तेथे द्रवीभूत होते. म्हणून शक्य तेथे बाहेरील निरोधन श्रेयस्कर मानतात.

कार्यपद्धती : जुन्या पायऱ्या काढल्यावर भिंतीलगतची माती टप्प्याटप्प्याने खणतात. खोदकाम भिंतीच्या पायाच्या तळापर्यंत नेल्यास पाया खचण्याचा धोका असतो; म्हणून ते त्याच्या वरच थांबवितात. भिंत स्वच्छ करून सांधे भरतात, सिमेंटचा गिलावा करतात व तो सुकल्यावर बिट्युमेनयुक्त जलरोधक लेप देतात. निरोधक फलक हे जलरोधनाला पर्याय नव्हेत. त्यांची जागा या लेपाच्या बाहेर असते. बंद कोशिकांचा, त्यामुळे पाणी फारच थोडे शोषणारा पॉलिस्टायरीन फेस किंवा काचेचा फेस यांचे फलक वापरतात. खिळे वा बोल्ट ठोकल्यास लेपाला छिद्रे पडतात, म्हणून फलक चिकटवितात. त्यांवर संरक्षक पत्रा लावून पाणी झिरपू देणारा भराव थराथराने घालून दाबतात.

पायऱ्यांची रचना : नवीन पायऱ्या भिंतीत रोवल्यास काँक्रीटमधून उष्णता बाहेर वाहते; यास उष्णता-सेतू म्हणतात. तो टाळण्यासाठी पायऱ्या स्वतंत्र पायावर उभारतात. हा पाया गोठणाच्या खोलीखाली (जर्मनीत सामान्यतः सु. ८० सेंमी.) नेतात, अन्यथा माती गोठून फुगल्याने पायऱ्या उचलल्या जातात. पायऱ्यांना भिंतीपासून दूर जाणारा थोडा उतार देतात. जलरोधक लेप दारासमोरील ओट्याच्या पातळीच्या वरपर्यंत नेतात आणि ओटा व भिंत यांमधील सांधा लवचिक द्रव्याने भरतात. पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी बहुधा याच सांध्यातून आत शिरते.

मर्यादा : बाहेरील लेपाने पायातून वर चढणारी ओल थांबत नाही. जुन्या भिंतीत आडवा ओलरोधक थर नसल्यास तो स्वतंत्रपणे करावा लागतो. पायऱ्यांमागील भाग लहान असल्याने केवळ त्याच्या निरोधनाने इंधनाची बचत थोडीच होते. तथापि उरलेली भिंत पुढे केव्हाही खणून उघडता येते, हा भाग मात्र पायऱ्या मोडल्याशिवाय उघडता येत नाही. म्हणून फलक पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंस थोडे पुढे नेतात आणि त्यांची जाडी भविष्यातील संपूर्ण निरोधनाशी जुळेल अशी ठेवतात. तसे न केल्यास बाकीच्या घराचे निरोधन झाल्यावर दारापाशीच थंड, ओलसर पट्टा शिल्लक राहतो.