काम शिकलो, पण करार होता का?

मे महिन्यात हरिहरेश्वरला खोली मिळत नाही. गावातल्या आणि बागमांडल्याच्या पोरांना तेव्हा लॉजवर हमखास काम असतं: चादरी बदलणं, सुरमई तळणं, गिऱ्हाइकाचं बिल करणं. असे तीन-चार हंगाम काढलेला मुलगा मुंबईच्या हॉटेलात जाऊन सांगतो, "मी अप्रेंटिस होतो." तिथे त्याच्याकडे सर्टिफिकेट मागतात, आणि ते त्याच्याजवळ नसतं.

कुणाच्या हाताखाली काम शिकलं की शिकाऊ उमेदवारी झाली, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार व्हावा लागतो आणि त्याची सरकारकडे नोंदणी व्हावी लागते. ती नसेल तर हातात कितीही कसब असो, प्रमाणपत्राचा हक्क मिळत नाही.

मग लॉजमालकच करार का करत नाही? बहुतेकदा त्याला तो करताच येत नाही. 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, 4 ते 29 माणसांच्या आस्थापनेला ऐच्छिक. नवरा-बायको आणि एखादा गडी यांच्यावर चालणारं घरगुती लॉज यात बसतच नाही. त्यामुळे मोठं हॉटेल किंवा रिसॉर्ट, थळचा आरसीएफ कारखाना, महाडची औद्योगिक वसाहत अशा ठिकाणी चौकशी करावी लागते. माझ्या मते किनाऱ्यावरच्या मुलांची खरी अडचण हीच आहे, आळस नव्हे.

"अप्रेंटिस म्हणजे फुकट राबायचं" हेही खरं नाही. 2019 च्या नियमांनी दहावी पास उमेदवाराला महिना किमान 6,000, बारावीला 7,000 आणि पदवीधराला 9,000 रुपये विद्यावेतन ठरवलं. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची.

आयटीआय झालेलं असलंच पाहिजे असंही नाही. कित्येक ट्रेडमध्ये दहावी पास मुलं थेट घेतात, फक्त आधी मूलभूत प्रशिक्षण द्यावं लागतं. मात्र मुदत संपली की तिथेच नोकरी पक्की, या भरवशावर राहू नये. कायदा मालकावर तशी सक्ती करत नाही.

2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेलाही लोक अप्रेंटिसशिपच समजतात. त्या योजनेत सरकार विद्यावेतन देतं आणि कामाचा अनुभव मिळतो. पण फिटर, वायरमनसारख्या ट्रेडची अखिल भारतीय परीक्षा आणि तिचं देशभर चालणारं प्रमाणपत्र त्या योजनेतून मिळत नाही, शिकाऊ उमेदवारीतून मिळतं.

म्हणून आईवडिलांना सांगणं एवढंच: मुलाला कामावर धाडण्याआधी ट्रेड कोणता, परीक्षा कोण घेणार हे विचारा, आणि नोंदणी झालेल्या कराराची प्रत हातात घ्या.