डोक्याचा मार आणि गेलेली वाचा



गळीत हंगाम सुरू झाला, की रात्री दिवा नसलेल्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळल्याच्या बातम्या कानावर येतातच. (मागे लाल चमकपट्टी लावायला असा कितीसा खर्च येतो?) जीव वाचला की घरचे देवाचे आभार मानतात. मग शुद्धीवर आल्यावर कळतं, गड्याला बोलताच येत नाही. जीभ हलते, घसा ठीक आहे, शब्द तेवढा सापडत नाही. डॉक्टर मंडळी याला वाचाघात म्हणतात.

बहुतेक माणसांच्या बोलण्याचा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूकडे असतो. तिथे इजा झाली की वाचा जाते, आणि पुष्कळदा उजवा हातही लुळा पडतो. पाणी मागायचं असतं, तोंडातून 'मीठ' निघतं. चुकलं हे त्यालाही कळतं, म्हणून तो चिडतो, रडतो. गाव मात्र लगेच म्हणतं, "डोक्यावर परिणाम झाला."

काहींना ऐकलेलंही नीट उमगत नाही, हे खरं. परंतु पुष्कळांची समज शाबूत असते. त्याच्या खाटेशी बसून उसाचं बिल कुणी उचलायचं, जमीन कुणाच्या नावावर करायची, याची बोलणी करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, तो ऐकतो आहे.

अमेरिकेतील लोकप्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्स यांना ८ जानेवारी २०११ रोजी टुसॉन येथे मतदारांना भेटत असताना डोक्यात गोळी लागली. डाव्या मेंदूला इजा झाली. बोलायला शब्द फुटेना, पण गाण्यातले शब्द येत. गाताना मेंदूची उजवी बाजूही कामाला लागते, म्हणून सुरांच्या वाटेने त्यांच्याकडून शब्दांचा सराव करून घेतला गेला. १ ऑगस्टला त्या सभागृहात मतदानाला हजर झाल्या. पुढे उपचारासाठी जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. बोलणं पूर्वीसारखं झालं नाही, पण वर्षानुवर्षं सराव करून त्या सभांतून बोलू लागल्या.

आपल्याकडे तर आरत्या, अभंग लहानपणापासून पाठ असतात. रोज्याला सोबत घेऊन म्हणावेत. वारांची नावं, एक ते दहा आकडे म्हणून घ्यावेत. "काय हवं?" असं विचारण्यापेक्षा "चहा हवा का?" असं एकेक विचारावं, आणि उत्तराला वेळ द्यावा. त्याचं वाक्य आपणच पुरं करू नये.

सुधारणा पहिल्या काही महिन्यांत अधिक होते, म्हणून वाचा-उपचार तज्ज्ञाकडे लवकर न्यावं. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग संस्था याच कामाची आहे. जाताना डोक्याचा सीटी स्कॅन आणि दवाखान्याचे सगळे कागद बरोबर घ्यावेत.