ध्वनिमुद्रिकेचा ठसा आणि सोबतचा कागद : संग्राहकांच्या अभ्यासपद्धतीविषयी काही विवेचन

प्रास्ताविक

जुन्या ध्वनिमुद्रिका जमविणे हा आपल्याकडे आजही प्रामुख्याने हौसेचा विषय मानला जातो. विद्यापीठीय संशोधनात त्या हौसेला फारसे स्थान नाही. संगीत, नाट्य वा सांस्कृतिक इतिहासाचा अभ्यासक ध्वनिमुद्रिकेतील आवाज ऐकतो, परंतु ज्या वस्तूवर तो आवाज कोरलेला आहे तिच्याकडे, आणि तिच्यासोबत आलेल्या पत्रकाकडे, वेष्टनाकडे वा भित्तिचित्राकडे, साधन म्हणून सहसा पाहत नाही. संग्राहक मात्र नेमके तेच पाहतो. प्रस्तुत लेखात संग्राहकांची ही दृष्टी मुख्यतः बीटल्स या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या १९६३ ते १९६८ या काळातील ध्वनिमुद्रिकांच्या आधारे समजावून घेण्याचा प्रयत्न केला आहे. या ध्वनिमुद्रिकांची जेवढी बारकाईने छाननी झाली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणाची झाली असेल.

ठसा म्हणजे काय?

व्हिनाइलची दीर्घ ध्वनिमुद्रिका, म्हणजेच एलपी, अमेरिकेत १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने बाजारात आणली. तत्पूर्वीच्या लाखेच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेत व एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजत. एलपी ३३⅓ फेऱ्यांच्या गतीने एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजू लागली.

निर्मितीची रीत थोडक्यात अशी : लॅकरचा लेप दिलेल्या तबकडीवर ध्वनीची चर कोरली जाते. तिच्यापासून धातूचा उलटा साचा, त्यावरून सुलटा साचा (यास कारखान्यात ‘मदर’ म्हणत) आणि त्यावरून पुन्हा उलटे ठसे (‘स्टँपर’) तयार होतात. या ठशांच्या दाबाखाली व्हिनाइलची तबकडी घडते. ठसा झिजतो; मर्यादित प्रती निघाल्यावर तो बदलावा लागतो. म्हणून एकाच नावाच्या, एकाच क्रमांकाच्या दोन तबकड्या वेगवेगळ्या ठशांतून आलेल्या असू शकतात. सर्वांत आधीच्या ठशातली तबकडी मूळ ध्वनीला सर्वांत जवळची असते, अशी संग्राहकांची श्रद्धा आहे. ही श्रद्धा प्रत्येक वेळी कानाला पटतेच असे नाही. परंतु कालानुक्रम लावण्यासाठी ठसा उपयोगी पडतो, याबद्दल दुमत नसावे.

ब्रिटनमधील ईएमआय कंपनीच्या तबकडीवर लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत तीन खुणा आढळतात. घड्याळाच्या तबकडीची कल्पना केल्यास सहाच्या जागी मूळ कोरणीचा क्रमांक, नवाच्या जागी ‘मदर’चा अंक आणि तीनच्या जागी ठशाची अक्षरे असतात. ही अक्षरे कंपनीच्या ‘ग्रामोफोन कंपनी लिमिटेड’ या इंग्रजी नावातून घेतली आहेत : जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी. या दहा अक्षरांना अनुक्रमे १ ते ९ व शेवटी ० असे मूल्य दिलेले आहे. ‘आर-ए’ असे कोरलेले असल्यास तो तेविसावा ठसा समजावा. आपल्याकडील जुने व्यापारी दहा अक्षरांच्या शब्दात मालाची खरेदी किंमत लपवीत, त्याचीच येथे आठवण होते.

लेबलावरील छपाईही बोलकी असते. बीटल्सची पहिली एलपी ‘प्लीज प्लीज मी’ मार्च १९६३ मध्ये निघाली, तेव्हा पार्लोफोनचे लेबल काळ्यावर सोनेरी होते. लवकरच ते काळ्यावर पिवळे झाले. त्यातही सर्वप्रथमच्या प्रतींवर काही गीतांच्या प्रकाशनहक्कापुढे डिक जेम्स यांच्या कंपनीचे नाव आहे, तर त्यानंतरच्या प्रतींवर नॉर्दर्न साँग्ज या नव्याने स्थापन झालेल्या कंपनीचे. व्यवसायातील एक कायदेशीर घडामोड अशा रीतीने लेबलावर उमटली. त्या काळी बहुतेक ग्राहक मोनो प्रतच घेत. त्यामुळे सोनेरी लेबलाची स्टिरिओ प्रत आज अत्यंत दुर्मिळ झाली आहे.

सोबतचा कागद

ध्वनिमुद्रिकेपेक्षा तिच्यासोबतचा कागद अधिक दुर्मिळ असतो, हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते. कारण साधे आहे. तबकडी जपण्यासाठी असते, कागद वापरण्यासाठी. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर्स’ या एलपीसोबत मिशा, बिल्ले व फिती कापून घेण्याचा एक पुठ्ठा दिलेला होता. ज्या मुलांनी तो सांगितल्याप्रमाणे कापला, त्यांची प्रत संग्राहकाच्या लेखी अपुरी ठरली! १९६८ च्या दुहेरी एलपीच्या (जिला पांढरा अल्बम असे म्हटले जाते) कोऱ्या वेष्टनाची रचना चित्रकार रिचर्ड हॅमिल्टन यांची. त्यावर अनुक्रमांक छापलेला आणि आत एक भित्तिचित्र व चार छायाचित्रे होती. ही चित्रे खोलीच्या भिंतीवर गेली आणि टाचणीची भोके घेऊन परतली, किंवा परतलीच नाहीत. रिंगो स्टार यांच्याकडील ००००००१ क्रमांकाची प्रत डिसेंबर २०१५ मध्ये ७,९०,००० डॉलर्सला विकली गेली.

निव्वळ प्रसिद्धीसाठी काढलेले साहित्य याहून अल्पजीवी. ऑगस्ट १९६८ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या पहिल्या चार ध्वनिमुद्रिका माहितीपत्रकांसह एका पाकिटात घालून वृत्तपत्रे व मान्यवरांकडे पाठविल्या. दुसरे उदाहरण अधिक उद्‌बोधक आहे. जून १९६६ मध्ये अमेरिकेतील कॅपिटॉल कंपनीने ‘यस्टरडे अँड टुडे’ या एलपीचे वेष्टन छापले. त्यावर खाटकाचे पांढरे अंगरखे घातलेले कलावंत, मांसाचे तुकडे आणि मोडलेल्या बाहुल्या असे रॉबर्ट व्हिटेकर यांचे छायाचित्र होते. विक्रेत्यांकडून तक्रारी येताच कंपनीने माल परत मागविला आणि अनेक वेष्टनांवर दुसरे, निरुपद्रवी चित्र चिकटविले. संग्राहक आज या वेष्टनाच्या तीन अवस्था मानतात : न झाकलेले, झाकलेले आणि वरचा थर सोलून काढलेले. माल परत मागविणारे १४ जून १९६६ चे पत्र हेही आता संग्रहाची वस्तू आहे. कंपनीने काय केले ते वेष्टन सांगते. का केले ते पत्र सांगते.

भारतीय संदर्भ

या कथेचा एक धागा आपल्याकडे येतो. ग्रामोफोन कंपनीचा कारखाना १९०८ पासून कोलकात्यात सियालदह येथे होता व १९२८ मध्ये तो दमदमला गेला. ब्रिटनमध्ये ७८ च्या तबकड्या १९६० च्या सुमारास बंद झाल्या. भारतात मात्र वीज नसलेल्या घरांत चावीचे ग्रामोफोन चालूच होते. परिणामी, दमदमच्या कारखान्यात बीटल्सची गाणीही ७८ च्या तबकड्यांवर निघाली. ज्या वाद्यवृंदाचे नाव आधुनिकतेशी जोडले जाते, त्याच्या भारतीय लाखेच्या तबकड्या आज परदेशी संग्राहक शोधत असतात.

मराठी ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत ठसा व कागद यांचे महत्त्व प्रस्तुत लेखकास चुकीतून कळले. एम.फिल.च्या प्रबंधिकेत नाट्यपदांच्या एका एलपीवरील वर्ष हेच मुद्रणाचे वर्ष धरून त्यावरून गायनशैलीतील बदलाचे एक अनुमान काढले होते. ज्या ग्रंथालयातील प्रत वापरली, तेथे तबकड्या खाकी पाकिटांत ठेवून मूळ वेष्टने रद्दीत काढलेली होती. पुढे पुण्याच्या जुन्या बाजारात त्याच एलपीचे वेष्टन मिळाले. मागील बाजूस बारीक अक्षरांत लिहिले होते की ही पदे ७८ च्या तबकड्यांवरून पुनर्मुद्रित केली आहेत. अनुमान कोसळले. परीक्षकांच्याही ते लक्षात आले नव्हते, हे समाधान मानण्याजोगे नाही.

७८ च्या तबकडीच्या लेबलावर बहुधा वर्ष नसते. तेथे कंपनीच्या नव्या ध्वनिमुद्रिकांच्या छापील याद्या, दुकानातील जाहिरातपत्रके व पदांच्या पुस्तिका यांवरूनच काळ ठरवावा लागतो. या दिशेने महत्त्वाचे काम मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आणि तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाने केले. मायकेल किनियर यांची १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केली. हे काम बव्हंशी संग्राहकांचे आहे, प्राध्यापकांचे नव्हे.

जतन व नोंद

बनावट कागदांचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे. येथे एवढेच नमूद करतो की, छापील चित्रावरून पुन्हा छापलेल्या चित्रात भिंगाखाली ठिपक्यांची जाळी एकमेकींत गुंतून अस्पष्ट दिसते. आपल्या हवेत अधिक मोठा शत्रू बुरशी आहे. पावसाळ्यात तबकडी धुऊन निघते, वेष्टन निघत नाही. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत. कागद आम्लरहित पाकिटात वेगळा ठेवावा, पण तो कोणत्या तबकडीतून काढला हे पाकिटावर पेन्सिलीने लिहावे.

अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत अद्याप पन्नास-शंभर ध्वनिमुद्रिका कपाटात पडून आहेत व निर्लेखनाच्या यादीत त्यांचा क्रमांक बहुधा वरचा असतो. निर्लेखनापूर्वी निदान लेबलावरील क्रमांक, कोऱ्या पट्टीतील कोरीव खुणा, वेष्टनाच्या मागील मजकूर आणि आत सापडलेला प्रत्येक कागद यांची नोंदवहीत नोंद करावी. एका तबकडीस पाच-सात मिनिटे लागतात. आमच्या महाविद्यालयात हे काम दोन विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत केले, तेव्हा एका एलपीच्या वेष्टनात भलत्याच ध्वनिमुद्रिकेचे गीतांचे पत्रक निघाले. ती ध्वनिमुद्रिका मात्र नोंदवहीतही नाही आणि कपाटातही नाही.