फाइलला चिकटलेल्या चिठ्ठ्या सी-मधून कशा वाचायच्या?

लिनक्समध्ये फाइलला नाव, आकार, तारीख यांपलीकडे आणखी माहिती जोडता येते: एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट्स. कर्लला 'एक्सअ‍ॅटर' हा पर्याय दिला, तर फाइल कुठल्या पत्त्यावरून उतरवली तेही तिथेच नोंदलं जातं.

सी-मधून वाचायचं तर 👇

१) 'लिस्टएक्सअ‍ॅटर'ला आकार 0 देऊन बोलवा. किती बाइट लागतील ते कळतं. तेवढी मेमरी घेऊन पुन्हा बोलवा.

२) सगळी नावं एकापाठोपाठ येतात, प्रत्येकाच्या शेवटी शून्य बाइट. नावाच्या लांबीत एक मिळवून पुढच्या नावावर जा.

३) प्रत्येक नावासाठी 'गेटएक्सअ‍ॅटर', पुन्हा तसंच दोन टप्प्यांत.

⚠️ मूल्याच्या शेवटी शून्य बाइट असेलच असं नाही! थेट '%एस'ने छापू नका, परत आलेली लांबीच वापरा.

⚠️ दोन कॉलच्या मधे मूल्य वाढलं तर 'ईरेंज' एरर येते. आकार पुन्हा विचारा.

मर्यादा: नाव 255 बाइट, मूल्य 64 केबी, फाइलसिस्टिमनुसार त्याहूनही कमी.

मॅकओएसवर याच 'गेटएक्सअ‍ॅटर'ला दोन आर्ग्युमेंट जास्त लागतात. कोड दोन्हीकडे चालवायचा असेल तर हे ध्यानात ठेवा.

#लिनक्स #सीप्रोग्रामिंग