यंत्राची रोजकीर्द व तिची भाषा

आपल्या घरांतील तरुण मंडळी पेढ्यांचे व कारखान्यांचे हिशेब संगणकावर करतात. रोजकीर्द भरली कीं खतावणी व ताळेबंद क्षणांत तयार! पण हें काम यंत्राला कोणत्या भाषेंत शिकविलें, असा प्रश्न वडील मंडळींस सहज पडतो. त्याचें उत्तर बोधप्रद आहे.

यंत्राला दोनच चिन्हें कळतात, शून्य व एक. छंदःशास्त्रांत लघु व गुरु यांच्या प्रस्तारांतून जशीं वृत्तें निघतात, तशा या दोहोंतून सर्व पूर्णांक संख्या निघतात. अडचण येते ती अपूर्णांकांची. रुपयाचा तिसरा भाग दशांशांत लिहूं लागलें, तर तीनावर तीन येतच राहतात. द्विमान पद्धतींत हीच गत रुपयाच्या दहाव्या भागाची, म्हणजे दहा पैशांची होते. यंत्र तें आवर्तन कोठें तरी तोडतें. शास्त्रीय गणितांत ही सूक्ष्म तूट बहुधा क्षम्य असते. वहींत मात्र जमा व नांवे यांचा मेळ एका पैशानेंही चुकतां कामा नये.

१९५९ सालीं अमेरिकेंत सरकारी खातीं व संगणक बनविणाऱ्या कंपन्या यांच्या प्रतिनिधींनीं 'कोबॉल' ही व्यापारी भाषा रचण्यास आरंभ केला. १९६० सालीं तिचें पहिलें स्वरूप प्रसिद्ध झालें. ग्रेस हॉपर या गणितज्ञ विदुषीच्या मार्गदर्शनाखालीं आधीं तयार झालेल्या 'फ्लो-मॅटिक' भाषेचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. कोबॉलमध्यें रक्कम किती अंकी व दशांशचिन्ह कोठें, हें आरंभींच सांगावें लागतें. आज्ञाही 'मिळव', 'वजा कर' अशा अर्थाच्या साध्या इंग्रजी शब्दांत असतात. हेतु हा कीं, एकानें लिहिलेलें दुसऱ्यास वाचतां यावें. आजच्या जावा, पायथन, सी-शार्प या भाषांतही अचूक दशमान रकमांची निराळी सोय आहे. पैशाच्या कामीं ती वापरणें हा कर्त्याचा विवेक.

एप्रिल २०२० मध्यें महामारीमुळें बेकारी भत्त्याचे अर्ज एकदम वाढले, तेव्हां न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांस कोबॉल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठीं जाहीर हांक द्यावी लागली. यंत्रणा टिकली होती. तिची भाषा वाचणारे विरळ झाले होते. मोडी दफ्तरांच्या बाबतींत आपणही हाच अनुभव घेत आहों. यास्तव ही विद्या शिकणाऱ्या मुलामुलींना एवढेंच सांगावेंसें वाटतें: नवें अवश्य शिका, परंतु ज्या लिपींत कोणाचा तरी हिशेब अद्याप चालू आहे, ती वाचणारा एक तरी मागें ठेवा.