केबिन क्रूझर: आधी नळ, मग कप्पे

अड्यारहून बोलतोय. इथल्या नदीवर बोट क्लबच्या वल्ह्यांच्या नावा दिसतात, त्यांना आजचा व्याप नाही. केबिन क्रूझर म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेली मोटरबोट. ती घेतली की लोक आधी सुताराला बोलावतात. मी म्हणेन, आधी तळाच्या फळ्या उचला.

शौचालयासाठी समुद्राचं पाणी जिथून आत घेतात, तिथे बोटीला चक्क भोक असतं. त्यावरच्या व्हॉल्वला सीकॉक म्हणतात. पाण्याखाली 60 सेंटिमीटरवर 38 मिलिमीटरचं भोक उघडं पडलं, तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येतं. म्हणून सीकॉकसमोर पेट्या, डबे रचायचे नाहीत. अंधारातही हात थेट पोचला पाहिजे. कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वर एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. ती शिडाची बोट, पण हा नियम तिलाही लागू. पेट्या हलवायला दुसरं होतं कोण?

घरगुती पितळी व्हॉल्व इथे नको. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, उरतं ते गुलाबी, ठिसूळ तांबं. ब्रॉन्झचाच घ्या. पाइपाला स्टेनलेसचे दोन क्लॅम्प, शेजारी दोरीने बांधलेलं निमुळतं लाकडी बूच. जवानाच्या खिशातली फील्ड ड्रेसिंग समजा!

मग कप्पे. जड सामान खाली, मधोमध. टेबलाला दोन बोटं उंच कड आणि पाय बोल्टने पक्के, कारण हेलकाव्यात माणूस आधी टेबलच धरतो. टेबल उतरवून पलंग केलात, तरी खालचा सीकॉक फिरवता आला पाहिजे. तो महिन्यातून एकदा फिरवाच, नाहीतर जाम होतो.